निरोप दुसऱ्याच्या तोंडी

मराठी कवितेत आईबाप लेकरांना निरोप देतात तेव्हा ते स्वतःच्या तोंडाने फारसे बोलत नाहीत. निरोपाचे शब्द कधी मांडवात गाणाऱ्या बाईच्या वाट्याला येतात, कधी न्यायला आलेल्या भावाच्या, कधी दारातल्या झाडाच्या किंवा गोठ्यातल्या गाईच्या. आणि ज्यांचे मूल निघालेले असते ती दोघे पाहुण्यांच्या पंगतीत, सामानाच्या बांधाबांधीत गुंतलेली असतात. काव्यात जो बोलतो त्याला निवेदक म्हणतात. बोळवणीच्या, म्हणजे पाठवणीच्या, काव्यात निवेदकाची ही अदलाबदल इतक्या सातत्याने आढळते की तिला केवळ लाजेचा किंवा रीतीभातीचा परिणाम म्हणून सोडून देता येत नाही. तो या काव्यप्रकाराचा मुख्य अलंकारच मानावा लागतो, मग अलंकारशास्त्राने त्याला वेगळे नाव दिलेले असो वा नसो.

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत आणि खालापूर या तालुक्यांना समुद्र नाही. जिल्ह्याचे नाव घेताच आठवणारी होडी आणि मासळी येथे नाही. पूर्वेला बोरघाटाची भिंत, तिच्या पायथ्याशी उल्हास आणि पाताळगंगा या नद्यांची खोरी, खाचरांतली भातशेती, आणि डोंगरउतारांवर ठाकूर व कातकरी यांच्या वाड्या, असा हा मुलूख आहे. खोऱ्यांतल्या गावांत आगरी आणि कुणबी वस्ती मोठी आहे, आणि आगरी लग्नात बोळवणीचा आवाज कोणाचा, या प्रश्नाला परंपरेने दिलेले उत्तर स्पष्ट आहे: तो धवलारणीचा असतो. धवला म्हणजे लग्नविधींच्या वेळी गायचे गाणे, आणि धवलारीण म्हणजे ती गाणी मुखोद्गत असलेली जाणती बाई. हळद, मांडव, लग्न लागणे, अशा एकेका विधीला तिचे वेगळे गाणे असते, आणि काही ठिकाणी तर विधी तिच्या गाण्याच्या अनुरोधानेच पुढे सरकत असत. वारली समाजात हेच काम धवलेरी करते.

धवलारीण नवरीची आई नसते, ही साधी गोष्ट काव्यदृष्ट्या फार महत्त्वाची आहे. तिने शेकडो मुलींची बोळवण गायिलेली असते, त्यामुळे तिच्या गाण्यात शब्द ठरलेले, चाल ठरलेली, आणि नावांच्या जागा तेवढ्या मोकळ्या असतात. त्या जागी या घरच्या आईचे, बापाचे, मामाचे, भावाचे नाव बसते आणि गाणे या घरचे होते. मौखिक काव्याची ही साचेबंद रचना छापील कवितेवर वाढलेल्या वाचकाला कंटाळवाणी वाटण्याचा संभव असतो. पण ज्या घरात रडू कोणत्याही क्षणी फुटेल अशी स्थिती आहे, तेथे पुढची ओळ आधीपासून माहीत असणे हाच मोठा आधार असतो. आईचे दुःख या साच्यात घातले की ते सहन करण्याजोगे होते, कारण ते एकटीचे उरत नाही. अलीकडे हळदीच्या रात्री बँजोच्या तालावर जी आगरी-कोळी गाणी वाजतात त्यांचा जोर नाचावर असतो, आणि त्यांत बोळवणीला फारशी जागा नसते. ती गाणी वाईट आहेत असे नव्हे, त्यांचे काम निराळे आहे.

धवला हा शब्द मराठी वाङ्मयाच्या इतिहासात पार सुरुवातीला भेटतो. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने, जिला मराठीतील आद्य कवयित्री मानले जाते, गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या लटक्या सोहळ्यात धवळे गायिले, आणि त्यांचा विषय कृष्ण-रुक्मिणीचा विवाह हा होता. म्हणजे मराठीतल्या सर्वांत जुन्या ज्ञात लग्नगीतांत जी मुलगी माहेर सोडते तिला माहेराने सोडलेलेच नाही. भाऊ रुक्मी याने तिच्यासाठी शिशुपाल ठरवलेला, बाप भीष्मक मुलापुढे हतबल, आणि रुक्मिणी ब्राह्मणाच्या हाती निरोप धाडून कृष्णाला बोलावून घेते. येथे लेकसुद्धा स्वतः बोलत नाही, तीही दुसऱ्याच्या तोंडी निरोप देते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आणि गंमत अशी की लग्न रीतसर जमावे म्हणून मुलींनी एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवराचे पारायण करावे असा प्रघात मराठी घरांत दीर्घकाळ चालत आला; पळून जाण्याची कथा ठरवून होणाऱ्या लग्नासाठी वाचली गेली, आणि त्यातली विसंगती कोणाला टोचल्याचे दिसत नाही.

धवला हा समारंभाचा प्रकार, तर जात्यावरची ओवी ही समारंभ संपल्यानंतरची. ग्रंथातली ओवी साडेतीन चरणांची, पहिल्या तीन चरणांत यमक साधणारी. जात्यावरची ओवी मात्र बहुधा दोन ओळींची, अंत्ययमक असलेली आणि जात्याच्या फेऱ्यानुसार ताणली किंवा आखडली जाणारी असते. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’ या ग्रंथात अशा ओव्या मोठ्या प्रमाणावर गोळा केल्या, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी मावळ-मुळशीपासून सुरू केलेल्या संकलनात त्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. मावळ म्हणजे बोरघाटाच्या माथ्यावरचा मुलूख. घाटाखाली आणि घाटावर बोलीत फरक पडतो, पण सासर, माहेर, भाऊ, सण यांची मांडणी सारखीच राहते.

या ओव्यांतली आई लेकीशी सरळ बोलते असे वाटते, पण बारकाईने पाहिले तर ती बहुतेकदा तिसऱ्यालाच उद्देशून बोलत असते: जात्याला, पावसाला, वाटेला, विहिणीला, किंवा मुराळ्याला, म्हणजे सणासाठी बहिणीला आणायला जाणाऱ्या भावाला. एकाला सांगायचे ते दुसऱ्याला उद्देशून बोलण्याच्या या पद्धतीला अन्योक्ती म्हणतात. विहिणीला उद्देशून केलेली ओवी लेकीच्या कष्टांविषयीची तक्रार असते, पण ती विहिणीच्या कानावर जाणार नाही याची खात्री असते, कारण ती पहाटे आपल्याच घरात, जात्याच्या घरघरीत म्हटलेली असते. चालीरीतींनीही अशा आडून बोलण्याला माणसे नेमून दिलेली आहेत. पाठराखीण नवरीबरोबर सासरी जाते आणि परतताना तिथली बातमी आणते. मुराळी मूळ घेऊन जातो आणि बहिणीला घेऊन येतो. काव्यात निवेदक बदलतो तसाच संसारातही निरोप्या बदलत असतो, आणि या दोहोंचे मूळ एकच आहे: लेक दिली की तिच्या आईला तिच्याशी थेट बोलण्याचा हक्क उरत नाही. ओवीतल्या अन्योक्तीकडे केवळ शैलीचे लेणे म्हणून पाहणाऱ्या समीक्षेच्या हातून ही बाब निसटते.

ओवीतल्या ‘मी’चे आणखी एक वैशिष्ट्य असे की तो कोणाचा हे प्रत्येक वेळी ठरवता येत नाही. जात्यावर बसलेली बाई एके काळी कोणाची तरी पाठवलेली लेक असते आणि आता स्वतः लेक पाठवलेली आई. त्यामुळे एकाच बैठकीत ती आईच्या बाजूने सुरू होते आणि लेकीच्या बाजूने संपते. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी माहेरावरच्या आपल्या प्रसिद्ध कवितेत या दुहेरीपणाला युक्तिवादाचे रूप दिले. माहेर एवढे प्रिय तर सासरी राहतेस कशाला, असे एक योगी विचारतो, आणि बाई उत्तर देते की तिने सासरी नांदणे हेच तिच्या मुलीसाठी उद्याचे माहेर उभे करणे आहे. संवाद हे येथे साधन आहे: प्रश्न विचारायला संसार न केलेला माणूस हवा, कारण संसारी माणसाला तो प्रश्न पडणारच नाही. या उत्तराचे कौतुक पुष्कळ झाले आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र आपल्या दुःखाला अर्थ देण्यासाठी त्या बाईला मुलीचे तेच दुःख गृहीत धरावे लागते, ही त्या उत्तराची दुसरी बाजूही वाचकाने सोडू नये.

संतकाव्यात हीच बोळवण उपमान म्हणून येते. ज्याची तुलना करायची ते उपमेय आणि ज्याच्याशी करायची ते उपमान. तुकोबांच्या एका अभंगात सासरी निघालेली, मागे वळून पाहणारी मुलगी, आईपासून चुकलेले बाळ आणि पाण्याबाहेरची मासोळी असे दृष्टांत एकापाठोपाठ येतात, आणि उपमेय असते विठ्ठलावाचून झालेली भक्ताची तगमग. दृष्टांताचे बळ ऐकणाऱ्याच्या अनुभवावर उभे असते; सतराव्या शतकातल्या कीर्तनाच्या श्रोत्यांत सासरी निघालेली मुलगी न पाहिलेला कोणी असणे शक्य नव्हते, म्हणून त्या दृश्याला वर्णनाची गरजच पडली नाही. पण ती मुलगी ज्यांच्याकडे वळून पाहते ते आईबाप अभंगात दिसत नाहीत. त्यांच्या जागी विठ्ठल उभा आहे, आणि तो तर बोलतच नाही.

बापाला बोलते करणारा मोठा प्रसंग मराठीने संस्कृतातून घेतला. कालिदासाच्या शाकुंतलातल्या चौथ्या अंकात कण्व मुनी शकुंतलेला पतीकडे पाठवतात, तेव्हा वृक्ष वस्त्रे आणि दागिने देतात आणि हरणाचे पाडस तिचे वस्त्र ओढते. निर्जीव किंवा मुक्या गोष्टींना माणसाप्रमाणे वागवण्याच्या या अलंकाराला मराठी शाळांत चेतनगुणोक्ती म्हणून शिकवतात. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात संगीत शाकुंतलाचे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले, म्हणजे मराठी संगीत नाटकाचा तो पहिला गाजलेला प्रयोग मुलीच्या पाठवणीपाशी येऊन थांबला. कण्व बोलतो खरा, पण तो संन्यस्त बाप आहे, आणि कन्या ही परक्याची ठेव असून ती परत केल्याने मन हलके झाले असे तो शेवटी म्हणतो. ठेवीचे हे रूपक मराठी लोकगीतांतही रुळले. त्याची लोकप्रियता समजण्याजोगी आहे: ठेव परत करणाऱ्याला निर्णय घ्यावा लागत नाही, ती कोणाला द्यायची हे जणू आधीच ठरलेले असते, आणि म्हणून पुढे तिचे काय झाले याचा जाबही त्याला द्यावा लागत नाही. दुःखाच्या प्रसंगी हिशेबाची भाषा वापरण्यात बापाची ही सुटका दडलेली आहे.

विसाव्या शतकात पी. सावळाराम यांनी लिहिलेल्या आणि वसंत प्रभू यांच्या संगीतात लता मंगेशकरांनी गायिलेल्या पाठवणीच्या गीताने बापाची आणि आईची वाणी एक केली, डोळ्यांतल्या पाण्याला नद्यांची नावे दिली, आणि ध्वनिमुद्रिकेमुळे ते गीत धवलारणीचे काम करू लागले. आता घरातल्या कोणालाच गावे लागत नव्हते. संदीप खरे यांच्या ‘दमलेल्या बाबाची कहाणी’मध्ये बाप अखेर स्वतः बोलतो, पण तोही कहाणी सांगण्याच्या आडून, आणि लेकीचे जाणे त्यात अजून व्हायचे आहे.

मुलग्याला निरोप देण्याचे काव्य या सगळ्याच्या मानाने बारीक आहे. रत्नागिरीकडच्या चाकरमान्याला बंदरावर किंवा एसटीच्या थांब्यावर सोडायला जाणारी माणसे मराठी साहित्यात भेटतात; कर्जत-खालापुरात ते दृश्य सहसा घडत नाही, आणि त्याचे कारण भूगोलात आहे. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग वर गेला, कर्जत हे घाटाच्या पायथ्याचे स्थानक झाले, पुढे मुंबईची लोकल कर्जत आणि खोपोलीपर्यंत आली; १९१५ मध्ये खोपोलीत टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि नंतर त्या पट्ट्यात कारखाने उभे राहिले. ज्याचा मुलगा पहाटेच्या लोकलने जातो आणि रात्रीच्या लोकलने परततो, त्या बापाला निरोपाचा प्रसंगच मिळत नाही. मूल रोज थोडेथोडे शहराचे होत जाते, पण कोणत्याही एका दिवशी उंबरठा ओलांडत नाही, आणि कवितेला तर नेमका एक दिवस लागतो.

या लोकलमार्गावरच्या नेरळला आयुष्याच्या उत्तरार्धात येऊन राहिलेल्या नारायण सुर्वे (१९२६–२०१०) यांच्या जीवनात निरोपाची दिशाच उलटी होती. मुंबईत गिरणीसमोर सापडलेले तान्हे मूल गंगाराम आणि काशीबाई या गिरणी कामगार जोडप्याने वाढवले, त्याला आपले आडनाव दिले, शाळेत घातले. आणि काम संपल्यावर गंगाराम कोकणातल्या आपल्या गावी परत निघाले तेव्हा, नारायण अजून लहानच असताना, त्याच्या हातावर दहा रुपये ठेवून गेले. येथे मूल राहते आणि जाणारे आईबाप असतात. परंपरेने दिलेली सारी प्रतीके, उंबरठा, वळून पाहणे, ओटी, मुराळी, ही मूल जाते या गृहीतावर उभी आहेत, त्यामुळे या प्रसंगाला त्यांतले एकही लागू पडत नाही. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांतला कवी रस्त्याला, चाळीला, कामगारवस्तीला आप्त मानतो तेव्हा त्यामागे राजकीय विचार आहे हे खरेच, पण ज्याला घराने नव्हे तर शहराने वाढवले त्याचा अनुभवही आहे.

गंगारामांसारखे जाणे कर्जत-खालापुरातल्या कातकरी वाड्यांना अपरिचित नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीच्या मालकाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली कुटुंबे भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मूल बरोबर नेले तर शाळा सुटते, आणि आजीपाशी ठेवले तर आईबाप जातात व मूल वाडीत राहते. पाठवणीचे काव्य मागे घर उभे असल्याचे धरून चालते. कुडाच्या झोपडीला झापड लावून सगळेच बाहेर पडतात तेव्हा निरोप कोणी कोणाला द्यायचा?

आदिवासी वाड्यांतली मुले ज्या दारातून खऱ्या अर्थाने आईबापांपासून दूर जातात ते दार आश्रमशाळेचे आहे. आदिवासी विकास विभागाच्या या निवासी शाळांत सहा-सात वर्षांचे मूल पहिलीला दाखल होते आणि पुढे सुट्टीपुरते घरी येते. सासरी जाणाऱ्या मुलीपेक्षा ते कितीतरी लहान असते, पण त्याच्या जाण्याला ना हळद असते, ना मांडव, ना गाणारी बाई. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, सत्तावीस मृतदेह मिळाले आणि सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिल्यावर शोध थांबवण्यात आला. त्या ठाकूरवाडीतली काही मुले त्या रात्री आश्रमशाळेत होती म्हणून वाचली, आणि त्यांतल्या काहींचे आईबाप गेले. ज्यांनी मुलांना दूर ठेवले होते त्यांच्या त्या निर्णयाविषयी यापुढे जे काही लिहिले जाईल त्याला ठेवीचे रूपक पुरणार नाही.

शाळेच्या दाराशी उभ्या असलेल्या आईची कविता मराठीत आहे, आणि ती सुर्व्यांचीच आहे. ‘मास्तर, तुमचंच नाव लिवा’ या कवितेत देहविक्रय करणारी बाई मुलाला शाळेत घालायला आलेली आहे आणि बापाच्या नावाच्या रकान्यापाशी अडलेली आहे. या प्रकाराला नाट्यात्म स्वगत म्हणतात: बोलणारे पात्र एक, ऐकणारे दुसरे समोर हजर, पण ऐकणाऱ्याचा आवाज वाचकापर्यंत येत नाही. सातशे वर्षे दुसऱ्याच्या तोंडून बोलत आलेली आई येथे स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या बोलीत, कोणत्याही झाडाच्या किंवा गाईच्या आडोशाशिवाय बोलते. उसने काही असेलच तर ते नाव आहे. कण्वाने मुलगी तिच्या धन्याकडे पोचवली. ही आई मुलाला ज्याच्या स्वाधीन करते तो त्याचा कोणीच नाही, आणि त्याला ती जे मागते ते देण्याचा अधिकार कोणत्याही नियमात बसत नाही. सुर्व्यांनी मास्तराचे उत्तर लिहिलेले नाही. ते लिहिले असते तर कविता एका भल्या किंवा भित्र्या मास्तराची झाली असती. न लिहिल्यामुळे कवितेत एकाच माणसाने निर्णय घेतलेला दिसतो, आणि तो त्या बाईने घेतलेला आहे.